रस्सा दाखव, मग भाकरी

चंद्राबाईच्या भाकरीला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. तिच्या सासूनं तिच्या चालण्यापासून शिंकण्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवली, पण तांदळाची ती पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली भाकरी ताटात पडली की म्हातारी गप्प जेवायची. त्यामुळे साठीला आलेली चंद्राबाई या एका बाबतीत थोडी चढून गेली होती, हे कबूल करायला हवं.

चौक गावाला जुन्या हायवेवर जगदीशचा ढाबा होता. जगदीश स्वभावानं चांगला, फक्त त्याला डोक्याला ताप नको असायचा. म्हणून दही बाहेरून, लोणचं बाहेरून, पापड बाहेरून. ढाब्यात होत असे तो एक रस्सा, कारण आचारी सदू कढईला कुणाला हात लावू देत नसे. भाकरीचं काम जगदीशनं चंद्राबाईला दिलं होतं. वाडीवर ती, तिची जाऊ रूपा आणि शेजारची जनी सकाळी शंभर-सव्वाशे भाकऱ्या थापायच्या, फडक्यात गुंडाळून टोपलीत भरायच्या. गजाचा टेंपो यायचा आणि टोपली घेऊन जायचा. संध्याकाळी रिकामी टोपली परत. दोन वर्षं हेच चाललं. भाकरी कोण खातं, कशाबरोबर खातं, खाऊन काय म्हणतं, यातलं काही वाडीवर पोचत नसे.

एके दिवशी गजा म्हणाला, "मावशे, उद्यापासून पन्नासच दे."

"का रं?"

"मला काय म्हाईत? शेठनी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी चंद्राबाई टोपली मांडीवर घेऊन टेंपोत पुढं जाऊन बसली. गजानं खूप समजावलं, पण ती उतरली ती ढाब्यावरच.

दुपारी एकच्या सुमाराला तिनं पाहिलं ते असं. सदूनं तिची सकाळची भाकरी चिमट्यात धरली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि गॅसवर इकडून तिकडून शेकली. मग ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकासमोर गेली. त्यानं भाकरी ताटाच्या काठावर आपटून बघितली. टक्क असा आवाज झाला. शेजारच्या टेबलावरचे हसले. चंद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती थेट गल्ल्यावर गेली. जगदीश कसनुसा हसला. "मावशी, सकाळची भाकरी दुपारी कडक व्हायचीच. तुमचा दोष नाय. मी म्हणतो बंदच करू या. बेकरीवाला पाव आणून टाकतो म्हणतोय. डोक्याला ताप नको."

"ताप व्हायचाच रं," चंद्राबाई म्हणाली. "आमी तिकडं, तुमी इकडं. मधी गजा, त्याला काय म्हाईत नसतं. आमी तिघी इथंच येतो. मागच्या पडवीत चूल मांडतो. गिऱ्हाईक बसलं की भाकरी थापायला घेतो."

"म्हंजे नोकरीला?"

"नोकरी कोन करतंय तुजी? पीठ आमचं, हात आमचे. काम मात्र तुमच्यासंगं. आन एक सांगते, रस्सा दाखवल्याबिगर भाकरी थापणार नाय."

"ते कशाला?"

"पातळ रश्शाला जाड भाकरी लागते, दाट रश्शाला पातळ. न बघता कशी थापू? आंधळी हाय का मी?"

जगदीश विचारात पडला. या बायका नोकर नव्हत्या, ठेकेदार नव्हत्या, भागीदार तर मुळीच नव्हत्या. मग होत्या कोण? शेवटी त्यानं मोबाइलमध्ये चंद्राबाईचा नंबर 'बाहेरच्या आतल्या बायका' या नावानं घातला आणि विषय संपवला.

पण सदूचा विषय तिथूनच सुरू झाला. रोज दुपारी रश्शाची वाटी पडवीत न्यायची आणि चंद्राबाईच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मीठ." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "खोबरं कच्चं राह्यलंय." तिसऱ्या दिवशी काही बोललीच नाही, नुसती वाटी परत सरकवली, ते तर फारच लागलं. वीस वर्षं रस्सा करणारा माणूस तो! गंमत अशी की महिन्याभरात ताटं चाटूनपुसून परत यायला लागली आणि रविवारी टेबल मिळेना. सदूला हे दिसत होतं. म्हणूनच तो जास्त चिडत होता.

"माजा रस्सा तुमी चाखता," तो एकदा म्हणाला, "मंग तुमची भाकरी कोन चाखतो?"

"भाकरीत काय चाखायचं?" चंद्राबाई खरोखरच आश्चर्यानं म्हणाली.

एका रविवारी साखरपुड्याहून परतणारी बस जेवायला थांबणार होती, चाळीस माणसं. अकरा वाजता सदूनं वाटी आणली. चंद्राबाईनं बोट बुडवलं, जिभेला लावलं. "वाटण परत भाज."

सदूनं पळी खाली ठेवली, गल्ल्यावर गेला आणि जगदीशला म्हणाला, "एकतर ती, नायतर मी. ठरवा." मग मोटारसायकलवर बसून मोहोपाड्याला घरी निघून गेला.

जगदीश पडवीत धावला. "मावशी, तुमीच करा रस्सा."

रूपानं पदर खोचलासुद्धा. या दिवसाची ती वाटच बघत होती. पण चंद्राबाई चुलीपुढून उठली नाही.

"मी नाय करणार. कढई सदूची हाय. आज मी हात लावला तर उद्या तू म्हणशील, दोन्ही तुमीच बघा, डोक्याला ताप नको. मंग माज्या रश्शाची चूक कोन सांगंल?"

"मावशी, मग मी स्पष्ट बोलतो," जगदीश खाली मान घालून म्हणाला. "भाकरी नसली तर पाव चालतो. सदू नसला तर ढाबा चालत नाय. तो तुमच्यामुळं येत नसंल, तर तुमाला वाडीवर जावं लागंल. परत टोपली."

जनीनं डोळ्याला पदर लावला. चंद्राबाईनं उकळत्या पाण्यात पीठ ओतलं, उलथन्यानं ढवळलं, झाकण ठेवलं. ती घाबरली होती. मग तिनं जगदीशकडं हात केला. "फोन दे. आन तू जा, पळी धरून कढईपुढं हुबा रहा."

फोन लागला. "सदू, मी चंद्राबाय. वाईच इचारायचं व्हतं. जगदीश रस्सा करतोय. म्हणतोय, पाकिटातला मसाला किती टाकू?"

पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"आन वाटण नाय भाजलं तर सॉस घालून चालंल का? बाटली हाय त्याच्या हातात."

फोन कट झाला.

बस आली, माणसं उतरली, हात धुऊन बसली. पाठोपाठ मोटारसायकल आली. सदू हेल्मेटसकट आत घुसला. जगदीश खरंच पळी धरून उभा होता, रडवेल्या तोंडानं. सदूनं पळी हिसकावली, त्याला गल्ल्याकडं पिटाळलं, सॉसची बाटली खिडकीतून बाहेर फेकली. मग हेल्मेट काढून ठेवलं आणि मुकाट्यानं वाटण परत भाजायला घेतलं. वास पडवीपर्यंत आला.

वाटी आली. चंद्राबाईनं चाखलं. "जमला," ती म्हणाली.

सदू तरी हलेना. वाटी घेईना, जाईना. तो कशासाठी थांबलाय ते चंद्राबाईला कळलं. तिनं तव्यावरची पहिली भाकरी उचलली, अर्धी मोडून त्याच्यापुढं धरली.

"घे. आता तू सांग."

सदूनं घास घेतला. कितीतरी वेळ चावत राहिला. बाहेर चाळीस माणसं ताटं वाजवत होती.

"मीठ नाय," तो म्हणाला.

रूपाचा हात थापता थापता थांबला. चंद्राबाईनं तुकडा तोंडात टाकला. खरंच नव्हतं. मघाच्या घाबरण्यात पाण्यात मीठ घालायचंच राहिलं होतं. सगळी उकड अळणी.

तिला राग यायला हवा होता. पण तिला एकदम भरून आलं आणि हसूही आलं. दोन वर्षं टोपल्या गेल्या, चाळीस वर्षं संसार झाला, आणि तोंडावर सांगणारा माणूस आज भेटला होता.

"सासूलाबी जमलं नवतं रं हे," ती म्हणाली. "जने, पानी ठेव दुसरं. ही उकड बाजूला काढ."

पाण्याला आधण आलं तेव्हा तिनं मिठाची बरणी उचलली आणि सदूच्या हातात दिली.

"घाल तूच," ती म्हणाली, आणि पीठ घेऊन तयार बसली.