तीन गावांत ठेवलेला कोड

माझ्या भागीदाराइतका वहमी माणूस मी पाहिला नाही. अकोल्यात जठारपेठेत आमचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. जिनिंग कारखान्यांच्या वजनकाट्याचे प्रोग्राम आम्ही करायचो. कोड तो लिहायचा, ग्राहकांच्या शिव्या मी खायचो. सुरुवातीलाच एकदा त्याची हार्ड डिस्क बसली आणि हंगामभराची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून तो ताकही फुंकून प्यायला लागला. दर शनिवारी अमरावतीला घरी जाताना सगळ्या कोडची प्रत, पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक बदलासकट, सोबत न्यायची म्हणजे न्यायचीच.

"एक माह्या घरी, एक तुह्या घरी, एक मोर्शीले सासऱ्याकडे," तो म्हणायचा. "एक गाव जयलं तरी दोन राह्यतात."

मोर्शीची डिस्क कपाटात असायची. दसऱ्याला त्याच्या सासूबाई तिलाही हळदकुंकू वाहायच्या.

"अन् कोणी चोरली तं?" मी एकदा विचारलं.

"कुलूप लावलं ना बे. पासवर्डशिवाय उघडतच नाही."

"पासवर्ड कुठं लिहून ठेवला?"

"लिहून ठेवतो तं कुलूप कायले लावू?"

मला हसू आलं आणि विषय तिथेच संपला.

भर उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी अमरावतीच्या दवाखान्यात येरझारा घालत होतो, तेवढ्यात इकडे विजेच्या लपंडावात ऑफिसचा कॉम्प्युटर जळाला. दुरुस्तीवाल्याने डिस्क पाहिली आणि यातून आता काही निघत नाही म्हणून परत दिली. तरी मी निश्चिंत होतो, तीन प्रती होत्या की. तिन्ही शाबूत निघाल्या आणि तिन्ही एकाच पासवर्डने बंद होत्या.

कारखान्यांतले प्रोग्राम चालू होते. पण नव्या हंगामात कापसाच्या ओलाव्यापोटी वजनातून होणारी कपात बदलणार होती, आणि मूळ कोडशिवाय त्यातली एक ओळ हलत नाही. कारखानदार थांबणारे नव्हते, आणि आमची दोन घरं त्याच कामावर चालत होती. त्याच्या मुलीचं नाव, तिची जन्मतारीख, गाडीचा नंबर, मी सगळं घालून पाहिलं. बंद ऑफिसात एकटाच बसून त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या.

पोळ्यानंतर एका दुपारी लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी गेलो. झटक्यानंतर त्याच्या तोंडी एकच शब्द उरला होता, 'बरोबर'. तहान लागली तरी बरोबर, दुखलं तरी बरोबर. त्याला बरंच समजतं, पण शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. त्याचा डावा हात कीबोर्डवर फिरला आणि पडद्यावर काहीबाही उमटलं. मग मीच एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो.

"हे?"

"बरोबर."

"का हे?"

"बरोबर."

"नीट पाह्य ना बे." माझा आवाज चढला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तरी मी पुढचं अक्षर दाखवलं.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरगी रोज शायेतून आली का इचारते, बाबा, मले ओयखलं का? तिलेबी हे इतकंच म्हंतात. ती मंग खुश होऊन खेयाले जाते. मी तिले काही सांगत नाही."

मी लॅपटॉप मिटला. निघतो, म्हणालो.

"बरोबर," तो म्हणाला आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. सोडवायला गेलो तर आणखी घट्ट. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडाने बरोबर, बरोबर म्हणत तो जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता. त्याला पासवर्ड सांगायचा होता की जाऊ नको म्हणायचं होतं, मला कळलं नाही, आणि आता ते विचारायला तोही नाही.