मैदान सोडलेल्या मुलींच्या घरी जाणाऱ्या अनघाताई

अनघाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. समोरच्या गृहस्थांचं काम संपवलं आणि मगच उठले. आजारपण लांबलेलं होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. रडू आलं ते संध्याकाळी, पालकाची भाजी निवडताना...

वृंदावन योजना या वसाहतीत आमची घरं समोरासमोर. ताई मूळच्या साताऱ्याच्या, लखनौला विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवायच्या. मुली खेळ का सोडतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी त्या खेळणं सोडलेल्या मुलींची घरं शोधत फिरायच्या. "टिकलेल्यांना काय विचारायचं? त्या टिकल्यात," म्हणायच्या.

माझी मुलगी रेवा सोडलेल्यांपैकीच. मानक नगरजवळच्या एका मैदानावर हॉकी खेळायची, दहावीच्या आधी अचानक बंद केली. अभ्यासासाठी, असं म्हणाली, आणि मला बरंच वाटलं. एका दुपारी ताई आमच्या स्वयंपाकघरात तिच्याशी गप्पा मारत होत्या, मी चहा ठेवत होते. रेवा सहज बोलून गेली, "सर सबके सामने वज़न करवाते थे, मौसी. फिर ज़ोर से बोलते थे."

मी गॅस बंद केला. घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

"आणि खेळ? तो आवडायचा?" ताईंनी विचारलं.

"बहुत."

ताई त्या प्रशिक्षकांना भेटल्या, रेवाचं नाव न घेता. ते चिडले. "मैडम, आप किताब लिखिए, टीम मुझे बनाने दीजिए." ताई वाद न घालता परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाऊन बसल्या. तो अख्खा हंगाम जात राहिल्या. शेवटी प्रशिक्षकांनी वजनकाटा आतल्या खोलीत नेला आणि एकेकीला बोलवायला लागले.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं झालं तरी एखादी टिकेल," ताई म्हणाल्या.

रेवा तिथे परत गेली नाही. पण ताईंनी आमच्या पार्कात बायका-मुलींचा थ्रोबॉल सुरू केला, तिथे ती पहिल्या दिवसापासून गेली. निवडचाचणी नाही, येईल तिने खेळायचं.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेवा बूट घालत होती.

"आज तरी राहू दे," मी म्हटलं.

"घर पे बैठकर क्या करूँगी, आई?"

ती गेली. मी थोडा वेळ दारात उभी राहिले, मग फिरायचे बूट चढवून पार्कात गेले. कुठे उभं राहायचं तेही मला कळेना. पलीकडून एकीने चेंडू टाकला, तो माझ्या हातातून निसटला.

"फिर से, आंटी," ती म्हणाली आणि चेंडू उचलायला धावली.