रोह्याचा टेम्पो

त्या जानेवारीत मी पेणला गेले ती एका माणसाचं तुटलेलं गिऱ्हाईक जोडून द्यायला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यातल्या एका खोलीत मी आणि माझी मैत्रीण नीता वेबसाइट चालवत होतो: पेणच्या गणेशमूर्ती, परदेशातल्या मराठी माणसांसाठी. सगळं पेण एका पडद्यावर, असं आम्ही ऐटीत सांगायचो. प्रत्यक्षात पडद्यावर एकच कारखाना होता, यशवंतकाकांचा. बाकीचे कारखानदार म्हणायचे, आधी दुसरे येऊ देत, मग बघू. आणि गिऱ्हाइकं विचारायची, एवढ्याच मूर्ती? विकणारे नाहीत म्हणून घेणारे नाहीत, आणि घेणारे नाहीत म्हणून विकणारे नाहीत. ही कोंडी फोडायला आदल्या हंगामात मी काकांना गळ घातली, की यंदा दोनशे मूर्ती फक्त आमच्यासाठी ठेवा. त्यांनी ठेवल्या. मागण्या आल्या अकरा.

ठाण्याहून सकाळची एसटी धरली. पनवेलपर्यंत ठीक, पुढे रस्ता अरुंद आणि ट्रकांची रांग. अडीच तास धरून चाला. पेण जवळ आलं की खाडीच्या अंगाला मिठागरं दिसू लागतात. पोह्याचे पापड घ्यायचे असतील तर स्टँडसमोर घाई करू नका, आत बाजारात घरगुती मिळतात. मी घेतले नाहीत. कारखान्यात रिकाम्या हाताने जायचं की काही घेऊन, याच विचारात मी स्टँडवर दोन चहा प्याले.

काका चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल पुसून दिलं. मागे प्लास्टिकखाली उरलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. सुमनकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खाली बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. त्या कारखान्यात डोळे फक्त त्यांच्याच हातचे. काकांनी सांगितलं ते असं: रोह्याचा दत्ताराम दरवर्षी त्यांच्याकडून शंभरेक कच्च्या, न रंगवलेल्या मूर्ती नेऊन तिकडे रंगवायचा. माझ्या शब्दाखातर त्यांनी त्याला नाही म्हटलं आणि तो दुसऱ्या कारखान्यात गेला. नव्या हंगामाची बोलणी याच महिन्यात ठरतात. त्याच्याकडे स्वतः जायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं. मी जाते म्हटलं.

स्टँडजवळच्या लॉजवर राहिले (गादी कडक, पाणी गरम) आणि सकाळची रोह्याची रेल्वेगाडी पकडली. तिकीट अगदी किरकोळ, खिडकीची जागाही मिळते. शेजारी मिठागरावर काम करणाऱ्या एक बाई होत्या, कासूला उतरणाऱ्या. गणपतीचं काम म्हटल्यावर त्या खुलल्या. त्यांच्याकडे घरचा लाकडी पाट आधी मूर्तिकाराकडे नेऊन देतात आणि गणपती त्याच पाटावर घरी येतो. पाट दिला की मूर्ती ठरली. मी आपलं धंद्याचं डोकं चालवून विचारलं, दुसरीकडे जास्त छान मूर्ती दिसली तर?

"मूर्ती बघून पाट देत नाय गो," त्या म्हणाल्या. "माणूस बघून देतो."

कासूला समोरची गाडी जाईपर्यंत आमची गाडी बराच वेळ थांबली. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं. आमच्या साइटवर फोटो होते, निवडायची सोय होती, पण माणूस बघायची काही सोय नव्हती.

रोह्यात कुंडलिकेचा पूल ओलांडून दत्तारामची शेड शोधली. तो कच्च्या मूर्ती घासत होता. मी कोण हे कळल्यावरही त्याने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि कडव्या वालांची उसळ, इतकी चांगली मी परत खाल्ली नाही. जेवताना त्याने टेम्पोचं सांगितलं. रोह्याच्या वाटेवर नागोठण्यापर्यंतचे आणखी चार रंगारी काकांकडूनच माल घ्यायचे. पाचांचा मिळून एक टेम्पो. निम्मा टेम्पो दत्तारामच्याच मालाने भरायचा, म्हणून बाकीच्यांना तो परवडायचा. दत्ताराम हलला तसा टेम्पो दुसऱ्या कारखान्याच्या दारात लागला आणि चौघेही तिकडेच गेले.

जितके जास्त जण, तितका प्रत्येकाचा फायदा, हे वाक्य मी आणि नीताने कागदावर लिहून खोलीत चिकटवलं होतं. काकांकडे तसं जाळं आधीपासून होतं, वर्षानुवर्षांचं. आमचं उभं राहण्याआधीच मी त्यांचं मोडलं होतं.

मी त्याला परत यायची विनंती केली. त्याने हात पुसले.

"ताई, त्या शेठनी ऐन वेळी मला माल दिला. आता त्यांना सोडू? मग काकांनी जे केलं तेच मी केलं, नाय का?"

दुपारच्या गाडीने पेणला परतले.

कारखान्यात काकांसोबत आणखी तीन कारखानदार बसले होते. काका दोन दिवस त्यांच्या दारी जाऊन आले होते. सगळे आले तर साइट भरलेली दिसेल, गिऱ्हाईक येईल, आपल्याही मूर्ती जातील, हे माझंच गणित त्यांनी त्यांना पटवलं होतं. वर्षभर मी ज्यांच्या पायऱ्या झिजवल्या ती माणसं आज तयार होती. मला नुसतं हो म्हणायचं होतं.

मी अकराचा आकडा सांगितला. यंदा किती मागण्या येतील ते मला ठाऊक नाही, असं सांगितलं, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला आमच्यासाठी नाही म्हणू नका, असंही. तिघं चहा संपवून उठले. काका त्यांना दारापर्यंत सोडायला गेले ते लवकर आत आले नाहीत.

काकी कुंचला धुत होत्या. "खरं बोललीस ते बरं केलंस गो," त्या म्हणाल्या. "पण हे गेल्या साली ठाऊक नव्हतं व्हय तुला?"

ठाऊक होतं. नीताला मी तेव्हाच म्हटलं होतं की पंचवीस मागण्या आल्या तरी पुष्कळ.

ठाण्याला परतल्यावर आठवडाभरात आम्ही साइट बंद केली. पुढे मी याच धंद्यात राहिले, मोठ्या ऑनलाइन बाजारांवर काम केलं. नवी मुलं पहिला विक्रेता कसा गाठायचा ते विचारतात, तेव्हा त्याला काय सांगणार आहात ते आधी मला ऐकवा, म्हणते. यशवंतकाकांचा कारखाना आणखी दोन हंगाम चालला. आता काकी दत्ताराम जिथून माल नेतो त्याच कारखान्यात रोजावर डोळे आखतात.