टेकलं पाहिजे, चेपलं नाही

ताई ट्रान्झिस्टर बसवून झाला की हीटसिंक डोळ्यांच्या रेषेत धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि दोन्हींच्या मधून उजेड दिसतोय का ते बघायच्या. दिसला, की स्क्रू पुन्हा सैल. "टेकलं पाहिजे, चेपलं नाही पाहिजे," असं स्वतःशीच म्हणायच्या.

कोलशेतच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही पॉवर सप्लाय बनवायचो. त्या असेंब्लीला, मी शेजारच्या टेबलावर टेस्टिंगला. तुम्ही अशी वस्तू कधी उघडून पाहिली असेल, तर आत पट्ट्यापट्ट्यांचं अ‍ॅल्युमिनियम दिसलं असेल. तेच हीटसिंक. त्याला टेकून ट्रान्झिस्टर बसतो आणि आपली उष्णता त्याला देतो. मध्ये वीज अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा आणि पांढरी पेस्ट. ती पेस्ट ताई इतकी कमी लावायच्या की नव्या मुली विचारायच्या, "ताई, लावली का?"

"अगं, नुसत्या खाचा भरायच्यात. लोण्यासारखी थापली तर तीच उष्णता अडवते."

ताई आंबिवलीला राहायच्या. त्यांच्या यजमानांचं आयुष्य कापड रंगवायच्या, डाइंगच्या कामात गेलं होतं आणि फुप्फुसं पार खलास झाली होती. हॉस्पिटलातून घरी आणलं ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. मशीन विजेवर चालायचं, म्हणून धावपळीत एक जुना इन्व्हर्टर घेतलेला. उन्हाळा लागला, दुपारची वीज जायला लागली.

अशाच एका रविवारी मी काकांना बघायला गेलेले. चहा होतोय तोवर लाइट गेली. इन्व्हर्टर सुरू झाला, थोड्या वेळाने शिट्टीसारखा ओरडला आणि बंद पडला. ताईंनी झटकन त्यांच्या नाकाची नळी ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरला जोडली. पण त्याचा काटा आधीच खाली आलेला. दुसरा सिलिंडर आणायला घरी आलेला त्यांचा जावई रिक्षाने कल्याणला गेला.

ताईंनी इन्व्हर्टरच्या पत्र्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "तापून बंद पडतोय," म्हणाल्या. बॅटरीच्या वायरी काढल्या, इन्व्हर्टर खिडकीशी ओढला आणि उघडला. आत ट्रान्झिस्टरची रांग. पेस्ट भिंतीला चुना फासावा तशी. भोकांच्या कडांना ड्रिलिंगची धार तशीच राहिलेली, त्यामुळे ट्रान्झिस्टर एका बाजूला उचललेले.

ताई घरीही किरकोळ दुरुस्त्या करायच्या, त्यामुळे घरात पेस्टची ट्यूब होती, अभ्रकाचे तुकडे होते, मीटर होता. ताईंनी एकेक जागा पुसायला घेतली. जाड ड्रिल बिट बोटांत धरून भोकांच्या कडांची धार मोडली, वर बोट फिरवून पाहिलं. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते.

"कारखान्यात पण अशीच करते का गं ही?" यजमानांनी दोन श्वासांत विचारलं.

"हो, काका."

"मग मालक?"

"ओरडतो."

ते हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ताई हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "अहो, बोलू नका. आणि तू हसवू नकोस त्यांना."

सगळे बसले, शेवटचा राहिला. मीटर लावला तर वाजला. म्हणजे अभ्रक कुठेतरी फाटलेलं. ताईंनी तो पुन्हा सोडवायला घेतला. माझा धीर सुटला.

"ताई, एकच तर आहे! राहू दे ना, चालू करून बघू!"

त्यांनी मान वर केली नाही. "तो एक जळाला ना, की बाकीच्यांना घेऊन जाईल."

नवं अभ्रक, त्यावर पेस्टचा हात, स्क्रू. आधी हलका, मग जरा घट्ट. मग थांबल्या, पुन्हा जरासा. मीटर गप्प राहिला. त्यांनी बॅटरी जोडली, बटण दाबलं, मशीन घरघरलं आणि त्यांनी नळी परत मशीनला लावली. सिलिंडरचा काटा तेव्हा लाल पट्टीत होता. त्यानंतर मात्र ताई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या.

लाइट आली तोवर इन्व्हर्टर एकदाही ओरडला नाही. त्या उन्हाळ्यात नंतरही नाही.

दिवाळीच्या आधी काका गेले. मी पोचले तेव्हा ताई दाराशीच होत्या. मला जवळ घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "लाइट होती गं. सगळं चालू होतं."

पुढे मुलीने त्यांना कल्याणला आपल्याकडे नेलं. वर्षभरात त्याही गेल्या, झोपेतच. पण ताई म्हटलं की मला आठवतात त्या दिवसकार्य उरकून कामावर परत आलेल्या.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही नेहमीसारखे शेजारी बसलो. त्यांनी डबा उघडला. दुधीची भाजी होती. पहिला घास घेतला आणि त्या थबकल्या.

"अगंबाई, मीठच नाही घातलं." काकांना मीठ बंद होतं. वर्षभर घरात एकच अळणी भाजी व्हायची, दोघांची मिळून. ताई हळूच म्हणाल्या, "आता घातलं असतं तरी चाललं असतं, नाही का?"

मी उठून मिठाची पुडी आणली. त्यांनी चिमूटभर घेतलं, भाजीवर हात नेला, आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.