वायरमामांची तिसरी केबल

वायरमामांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनही सापडायचं नाही. पस्तीस वर्षं ते एका फिरत्या नाटक मंडळीचे दिवे सांभाळत होते. नटाच्या चेहऱ्यावर पहाट आणायची, मरणाऱ्या राजाला निळा उजेड द्यायचा आणि स्वतः विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसायचं, ही त्यांची जन्माची भूमिका. मंडळी मोडली, पडदे विकले गेले. मामांच्या हातातली वायर मात्र सुटली नाही. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून ते लोकांचे रेडिओ, मिक्सर, दारावरच्या घंटा दुरुस्त करू लागले. "पस्तीस वर्षांत एक दिवा चुकला नाही," हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावंच लागे. त्यावर बायको आतून म्हणायची, "दिवा नाही चुकला, जेवणाची वेळ तेवढी रोज चुकली."

एके दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या टायपिस्टबाई आल्या. जन्मभर कचेरीत टाइप करून निवृत्त झालेल्या, बोलायला मोकळ्या. थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. त्या ताई म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. घरातही घंटा वाजल्याशिवाय कोणी उठू नये असा दरारा. ताईंच्या मुलानं लहानपणी जमवलेली तीन जुनी व्हिडिओ गेमची मशीनं घरात पडून होती, आणि दुपारच्या चहानंतर या दोघी बहिणी त्यांवर हमरीतुमरीवर येऊन खेळायच्या.

"मामा, माझ्या बोटांनी संप केलाय," बाई म्हणाल्या. "मूठ तेवढी अजून कामावर येते. मुठीत मावेल असा दांडा हवा आणि बरणीच्या झाकणाएवढी बटणं. तिन्ही मशीनना एकच चालेल?"

"न चालायला काय झालं? पस्तीस वर्षांत..."

"एक दिवा चुकला नाही, माहीत आहे. कधी देता?"

मामा कामाला लागले. जुन्या कपाटाचा खण उलटा करून त्याची पेटी केली. वर दांडा, शेजारी आठ बटणं. दांडा ज्या बाजूला कलेल तिकडचा खटका टिक् करून दाबला जायचा. प्रत्येक खटक्याचा एक पाय त्यांनी एकाच काळ्या वायरीत हारासारखा ओवला, ते ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट. दुसऱ्या पायाला ज्याची त्याची रंगीत वायर. तीन मशीनचे प्लग तीन तऱ्हेचे, म्हणून पेटीच्या मागे एकच रुंद सॉकेट आणि त्यात लावायला तीन वेगळ्या केबल. आत बोटाएवढा एक बोर्ड, कुठलं मशीन जोडलंय ते ओळखणारा. काम असं देखणं झालं की मामा पेटीचं झाकण उघडून आतच बघत बसायचे.

पहिल्या दोन केबल बिनचूक उतरल्या. तिसरीच्या प्लगला नऊ पिना, वर पाच, खाली चार. कागदावरचं चित्र प्लगच्या तोंडाकडून काढलेलं असतं, डाख मात्र त्याच्या पाठीमागून द्यावा लागतो. पाठीमागून पाहिलं की डावं उजवीकडे जातं. ज्यानं दोन-चार प्लग जोडलेत त्यालाही हे ठाऊक असतं. मामांना तर झोपेतही ठाऊक होतं. पण त्या दिवशी समोर नवं गिऱ्हाईक बसलं होतं आणि मामा रंगात येऊन त्याला पस्तीस वर्षांची कहाणी सांगत होते. हात चालू, तोंड त्याहून चालू. सगळ्या पिना फिरल्या, आणि त्यात सातवी आठवीच्या जागी गेली. सातवीतून वीज येते, आठवी ग्राउंडची. नंतर मीटर लावून तपासलं, तेही त्याच बाजूनं. मग मीटरनंही होयबासारखी मान डोलावली.

पेटी घेऊन मामा गेले तो दिवस थाटाचा होता. पहिलं मशीन लागलं, ताईंनी शाळेत वाजवावी तशी मोजून टाळी वाजवली. दुसरं लागलं. तिसरी केबल बाईंनी हौसेनं स्वतःच खोचली आणि मशीन चालू केलं. बारीक फट् झालं. जळक्या वासाची एक रेघ वर आली आणि पडदा काळा पडला.

दोघी मामांकडे पाहू लागल्या. आणि संवाद विसरलेला नट जसा तोंडाला येईल ते ठोकून देतो, तसे मामा म्हणाले, "मशीन म्हातारं झालं होतं, बाई. जाता जाता माझा बोर्डही घेऊन गेलं."

"अगं बाई!" बाईंचा चेहरा पडला. "माझ्या भंगारापायी तुमचे कष्ट वाया गेले. माफ करा हं, मामा." आणि त्यांनी मामांच्या हातात बिस्किटांचा डबा दिला. मामांनी तो घेतला.

पेटी परत घरी आणून त्यांनी प्लग खोलला. कागद शेजारी ठेवला, प्लग फिरवला, परत फिरवला. सातवी आठवीच्या जागी होती. बोलताना त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो आधार. पण आता ठाऊक होतं.

"तोंड का उतरलंय?" बायकोनं विचारलं.

"ऊन लागलं."

चार दिवस त्यांना ऊन लागलेलं राहिलं. नवा बोर्ड बसवला, केबल नीट केली, पाचव्या दिवशी पेटी पोचवायला गेले. दार ताईंनी उघडलं. बाई आतल्या खोलीत पाठ करून बसल्या होत्या.

"या मामा. आमच्या चिमणीचा पराक्रम पाहिलात ना? मशीनचं म्हातारपण कसलं, प्लग उलटा खुपसला हिनं. माझ्या लेकाची आठवण होती ती."

"मी सरळच लावला होता, ताई," आतून बारीक आवाज आला.

"मग भुतानं लावला? चार दिवस तेच तुणतुणं."

मामांनी मान वर केली. त्या प्लगची एक बाजू रुंद असते, एक अरुंद. उलटा घालू म्हटलं तरी तो जात नाही. या घरात हे फक्त त्यांना माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बाकीची दोन चालतील आता." आणि ते जिना उतरले.

संध्याकाळी ताट पुढ्यात तसंच राहिलं तेव्हा त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मशीन जळलं ते जळलं. त्या बाईला कशाला जाळताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा तिथे हजर. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खिशातून केबल काढून ताईंसमोर धरली.

"हा प्लग उलटा घालून दाखवा, ताई."

ताईंनी चष्मा लावला. घालून पाहिला, जोर लावला, पुन्हा पाहिला. "जात नाही हो."

"जातच नाही. बाईंनी सरळच लावला होता. चूक माझ्या हातची. चित्र समोरून होतं, मी पाठीमागून बघून जोडलं. घरी गेल्यावर लगेच कळलं मला. काल इथे उभा होतो तेव्हाही ठाऊक होतं."

ताईंच्या हातातली केबल तशीच राहिली. बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"म्हणजे मी तुमची माफी मागत होते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही मागू दिलीत?"

"हो."

"वर बिस्किटं नेलीत."

"हो." मामांची नजर फरशीवरून हलेना. प्रेक्षागृहभर शिट्ट्या पडल्या असत्या तरी सोसल्या असत्या. हा साधा आवाज सोसवत नव्हता.

ताई खाकरल्या. "चिमणे, मी पण जरा..."

"तू थांब, ताई. तुझं नंतर." धाकटीनं थोरलीला असं गप्प बसवल्याचं त्या घरात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"मशीन मला उघडू द्या," मामा म्हणाले. "आतला वीजपुरवठ्याचा एखादा भाग गेला असेल. कदाचित होईल. नाहीच झालं तर तसंच मशीन शोधून आणीन. घरी नेतो आणि..."

"घरी न्यायचं नाही. इथेच उघडा, माझ्यासमोर."

टेबल खिडकीशी ओढलं गेलं. मामांनी स्क्रू काढले. आत एक तांदळाएवढा भाग काळा पडलेला दिसला. जोडीचा त्यांच्या डबीत होता. सोल्डरगननं तो बसवताना त्यांनी पस्तीस वर्षांची कहाणी काढली नाही. ताई विजेरी धरून उभ्या होत्या, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारख्या मुकाट.

मामांनी मशीनचं झाकण बसवलं, पण ते चालू करण्याआधी बाईंनी केबल उचलली.

"आता एकेक पिन सांगा. मोठ्यानं."

मामांनी सांगायला सुरुवात केली. पहिली वर, दुसरी खाली, तिसरी डावं, चौथी उजवं. सातवीपाशी आवाज अडखळला.

"सातवी?"

"वीज."

"आठवी?"

"ग्राउंड."

बाईंनी प्लग त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "कुठल्या बाजूनं बघून, मामा?"

पासष्टीच्या त्या माणसानं मान खाली घातली, प्लग हातात घेतला आणि तोंडाकडून पाहत पहिल्या पिनेपासून पुन्हा मोजायला लागला.