पंचाहत्तरच्या खाली नाही

व्हर्लिन स्ट्राउडला बोटीची किंमत विचारली, की तो किंमत कधी आधी सांगायचा नाही. आधी दोन्ही इंजिनं खोलून नव्याने बांधून घेतल्याचं सांगायचा. मग गाद्या, मग रंग, मग ट्रेलरचे टायर. समोरचा पार दमला की मग म्हणायचा, "पंचाहत्तर हजार." आणि एकदा म्हणाला की तोंड मिटून बसायचा.

तळ्याचा एक चिंचोळा फाटा आमच्या वस्तीपर्यंत आत आलाय, त्याच्या तोंडाशी मी पाण्यावरचा पेट्रोल पंप चालवते. मिझूरी राज्यातल्या या तळ्यावर शनिवारी ज्या लांबोडक्या बोटी कानठळ्या बसवत सुटतात, त्या सगळ्या माझ्याकडे पेट्रोल भरतात. व्हर्लिनची तसलीच होती. अडतीस फुटी, जांभळ्या पट्ट्यांची, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. त्या काळी तिच्यासमोर कुणाची टाप नव्हती. आता तसल्या बोटी गावोगावच्या गोठ्यांत ताडपत्रीखाली पडून आहेत, हे व्हर्लिन सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचा हिशोब असा, की बोटीवर जेवढे पैसे घातले तेवढे बोटीत शिल्लक आहेत. जन्मभर लोकांची छपरं घातलेला माणूस. एखाद्याने घराच्या भावात नव्या छपराचा अख्खा खर्च धरला असता, तर हाच पोट धरून हसला असता. पण बोट म्हटली की आमच्या तळ्यावरची शहाणीसुरती माणसं अशीच येडी होतात. मी तर रोज बघते.

बोट विकायला काढली त्या पहिल्या वर्षी एकाने साठ सांगितले. व्हर्लिनने त्याला धक्क्यावरून जवळजवळ हाकललाच. त्या संध्याकाळी बारमध्ये सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून म्हणाला, "पंचाहत्तरच्या खाली एक डॉलर नाही. लिहून ठेवा." लिहून कशाला ठेवायचं? चार माणसांत बोललेला आकडा आमच्याकडे कुणी विसरत नाही. पुढच्या वर्षी कुणी पन्नास म्हणालं. त्यानंतर फोन यायचेही थांबले.

आणि गंमत बघा. या बोटींची किंमत इंजिन किती तास चाललं त्यावर ठरते. नव्याने बांधलेली इंजिनं, तास जवळजवळ शून्य, हीच त्याची मिजास. ती टिकवायची तर बोट चालवायची नाही. दोन उन्हाळे त्याने ती चालवली नाही. रोज सकाळी खाली यायचा, झाकण काढायचा, पुसायचा, झाकण घालायचा. बायकोला घेऊन एक चक्करसुद्धा नाही.

त्याची बायको मॅक्सीन. तिच्यासारखी पावासारखी गरम बिस्किटं आणि वर ओतायची ग्रेव्ही तळ्याकाठी कुणी करत नाही. पण तिचे गुडघे गेले. घर वर टेकडीवर, धक्का खाली, मधे लाकडी जिना. दोन उन्हाळे ती खाली उतरली नव्हती. वरच्या गच्चीत बसून नवऱ्याचं टक्कल तेवढं बघायची. तिच्या बहिणीने सेडेलिया गावातलं आपलं घर तिच्या नावावर केलं होतं. एकमजली, पायरी म्हणून नाही.

"नेडीन, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मॅपल आहे गं," ती मला फोनवर सांगायची. "भांडी घासताना झाड बघायचं. एवढंच पाहिजे मला आता."

तळ्यावरच्या घरालाही गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याची एकच अट, उन्हाळा संपायच्या आत धक्का रिकामा पाहिजे. म्हणजे बोट गेली की मॅक्सीन सुटली. सगळं त्या जांभळ्या धुडावर अडलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी आयोवाहून एक जण बघायला आला. कॉय ड्रेसलर, काँक्रीटची कामं घेणारा, रुंद खांद्यांचा, गोड बोलणारा. पेट्रोलच्या सुट्ट्या टाक्या घेऊन मी त्याच वेळी व्हर्लिनच्या धक्क्यावर पोचले होते. काम झालं तरी मी हलले नाही, कबूल करते.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. जुनी बोट बघायला आलेला माणूस पहिल्यांदा इंजिनावरचं झाकण उघडून आत तळहात ठेवतो. इंजिन थंडगार पाहिजे. गरम असेल तर समजायचं, विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलंय, थंड असताना ते धड सुरू होत नाही. ही रीत या फाट्यावर निम्म्या लोकांना व्हर्लिननेच शिकवलेली. कुणी बोट घ्यायला निघालं की हा बीयरच्या बोलीवर सोबत जायचा आणि आधी हात ठेवायचा.

कॉयने हात ठेवला. उचलला. दुसऱ्या इंजिनवर ठेवला.

"गरम आहे, सर."

"सकाळी जरा चालवून ठेवलं," व्हर्लिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"का?"

व्हर्लिन फडक्याने इंजिनावरचं झाकण पुसू लागला. मला तर पाण्यात उडी मारावीशी वाटली. अरे माणसा, तू? जगाला शिकवलंस आणि तूच?

"दोन वर्षं चालवलीच नाही पोरा," तो शेवटी म्हणाला. "भीती वाटली. तुझ्यासमोर सुरू नाही झाली तर, म्हणून बघितली. पहिल्या झटक्यात सुरू झाली! देवाशपथ, पहिल्या झटक्यात!"

ते खरं होतं. सकाळी तो आवाज मी पंपावरून ऐकला होता. मी तसं म्हटलंही. कॉयने माझ्याकडे बघून मान हलवली. शेजारीण शेजाऱ्याचीच बाजू घेणार, अशी ती मान होती.

मग तळ्यावर एक फेरी झाली. बोट सुरेख पळाली, खोटं कशाला सांगू. परत आल्यावर कॉय बराच वेळ दोर बांधत राहिला.

"सर, बोट छान आहे. पण गरम इंजिनाचं मला काय ते कळत नाही. आत काही निघालं तर दोन्ही खोलावी लागतील. चाळीस."

"चाळीस? अरे, इंजिनांनाच तेवढे लागले!"

"लागले असतील. मी कुठे लावायला सांगितले होते?"

"मी साठ नाकारलेत, ठाऊक आहे?"

"मग घ्यायला हवे होते की," कॉय हसत म्हणाला. त्यात कुचका भाव नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

व्हर्लिन खाली बघत उभा राहिला. मी त्याला कित्येक वर्षं ओळखते. तो विरघळत होता. ओठ हलत होते, मनाशी आकडा घोळवत होता. पंचेचाळीस म्हणाला असता, बेचाळीसवर आला असता, हात मिळवले असते.

आणि वरून, गच्चीतून, मॅक्सीनचा आवाज आला. "व्हर्लिन! हो म्हण! जे देतोय ते घे आणि हो म्हण!"

पाण्यावर आवाज किती स्वच्छ पोचतो. कॉयने वर बघितलं, टोपीला हात लावला, आणि मग व्हर्लिनकडे वळला. त्याचा चेहराच बदलला होता. समोरच्याला घाई आहे हे कळलेल्या माणसाचा चेहरा. त्याला दोष देत नाही मी, त्याच्या जागी व्हर्लिननेही तेच केलं असतं.

"पस्तीस, सर. आत्ता, रोख."

"चल नीघ."

"छत्तीस. तुमच्या बाईसाहेबांसाठी."

"बोट विकायची नाही!" व्हर्लिन ओरडला. "ऐकलंस? विकायची नाही! पंचाहत्तरच्या खाली नाही!"

कॉय गेला. वर गच्चीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार लागलं. व्हर्लिन बोटीवर कापडी झाकण घालायला लागला. त्याची बटणं त्याला लागत नव्हती. मी मदतीला गेले तर म्हणाला, "तू जा नेडीन. तुझ्या पंपावर कुणी नाही." मला त्याचा असा राग आला होता, आणि अशी दया आली होती, की मी तशीच वळले आणि निघाले.

ठरल्या मुदतीला धक्का रिकामा झाला. घर गेलं, सामान गेलं. बोट कुठे गेली ते मात्र मला नोव्हेंबरात कळलं, पेकन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याचं भाजलेलं गोड, घेऊन सेडेलियाला मॅक्सीनकडे गेले तेव्हा.

भर दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. खिडकीत झाड नव्हतं. खिडकीभर जांभळा पट्टा होता. ट्रेलरवर चढवलेली बोट त्याने घराच्या कुशीला, भिंतीला खेटून लावली होती. दुसरीकडे जागा नव्हती म्हणे. रस्त्यावरून दिसेल अशी विक्रीची पाटी, आणि त्या गावात साधं डबकं नाही.

"कुठाय तो?" मी विचारलं.

"वर." तिने चमच्याने खिडकीकडे दाखवलं. बोटीला शिडी टेकवलेली होती. "दिवसभर तिथेच असतो. जेवायला हाक मारते. मला शिडी चढता येत नाही, ठाऊक आहे ना तुला."

"कुणी विचारतं का?"

"कोपऱ्यावरचा एक जण आला होता. तीस म्हणाला." ती हसली. "व्हर्लिनने त्याला इंजिनांपासून सांगायला सुरुवात केली."

पेकनच्या गोडाचे तुकडे कापून झाले. कॉफी झाली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "नेडीन, त्या दिवशी मी ओरडले नसते तर? विकली असती ना त्याने?"

तो विरघळत होता ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण मी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, त्या दिव्याकडे बघितलं.

"नसतीच विकली," मी म्हटलं. "तुला काय तो माहीत नाही?"

तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे तेव्हा कळलं असतं तर त्याला आणि बोटीला तिथेच सोडून मी एकटीच आले असते."

मी काय बोलले होते ते मला तेव्हा समजलं, त्याला तुझ्यापेक्षा बोट प्यारी असंच मी तिला सांगितलं होतं.

बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला. इंजिनं तापू नयेत म्हणून व्हर्लिनने बोटीला पाण्याचा पाइप लावला होता. कॉय आला त्या दिवसापासून तो धसका घेऊन बसलाय, दर रविवारी इंजिनं चालवून बघतो. दोन वर्षं जपलेले तास आता अंगणात उभ्या उभ्या वाढताहेत. आधी एक इंजिन धडधडलं, मग दुसरं. दोन्ही पहिल्या झटक्यात. खिडकी थरथरली, टेबल थरथरलं, फळीवरचे कप किणकिणत पुढे सरकू लागले. मॅक्सीनने मागे न बघता हात वर नेला आणि इंजिनं बंद होईपर्यंत कपांवर धरून ठेवला.