ठण्ण वाजतो, पण पडत नाही

व्हर्ना स्टोर्डालच्या उजव्या मनगटात डॉक्टरांनी दोन खिळे ठोकले होते. जिभेला मात्र आजवर कुणालाच आवर घालता आला नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात ती गावच्या पोरांना जेवू घालायची, आणि सुट्टी झाली की मोंटानाच्या त्या वाऱ्याने सोललेल्या माळावर आपल्या गुरांच्या मागे घोडी हाकायची. नवरा हाल्व्हर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तारेचं कुंपण तीच जोडायची, अडलेलं वासरूही तीच ओढायची.

तिच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असायचं. लग्नाआधी लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीला जेवण रांधून तिने ते स्वतःच्या कमाईने घेतलं होतं. लांब बंदूक का नाही, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, “हात दोनच दिलेत देवाने. एकात तार, दुसऱ्यात पक्कड. बंदूक काय दातात धरू?” दर शरदात आपल्या वाट्याचं एक हरीण ती त्याच रिव्हॉल्व्हरने आणायची, आणि त्यावर तिचा हिवाळा निघायचा.

मग एका जानेवारीत घोडी बर्फावरून घसरली आणि व्हर्नाच्या मनगटावरच लोळली. हाड जुळलं, पण दुकानातलं ताकदीचं काडतूस उडवलं की झटका असा चावायचा की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून ती स्वतः काडतुसं भरायला लागली. त्या भागात हे काही नवल नव्हतं. लोक हिवाळ्यात मुरांबे घालतात तशी काडतुसं भरतात. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर शिशाची गोळी दाबायची. व्हर्नाने दारू कमी घातली. मनगट सुखावलं, पण गोळीतला जीव गेला.

तो कसा गेला हे अख्ख्या गावाला ऐकू यायचं. उन्हाळ्यात दर महिन्याला तिथे लोखंडी जनावरांवर नेमबाजीचा सामना भरतो. जवळ कोंबड्या, पुढे डुकरं, मग टर्की, आणि सगळ्यात लांब, दोनशे मीटरवर, जाड पोलादाचे मेंढे. नियम सोपा आणि निर्दय. गोळी लागून उपयोग नाही, मेंढा पडला पाहिजे. व्हर्नाचा नेम चांगला. गोळी जायची, मेंढ्याला लागायची, ठण्ण वाजायचं आणि मेंढा जागच्या जागी उभा. जावई पहिल्यांदा सासरी आल्यासारखा ताठ!

“व्हर्ना, गेल्या उन्हाळ्यात घंटा किती वेळा वाजवलीस?” चर्चच्या तळघरातल्या वसंताच्या जेवणात ऑर्व्हलने मोठ्याने विचारलं. ऑर्व्हल म्हणजे हाल्व्हरचा धाकटा भाऊ. ओढ्यापलीकडे त्याची शेती, आणि उंटावरून शेळ्या हाकणं हा जोडधंदा. “पाद्रीबाबा विचारत होते, रविवारी तुलाच बोलवू का म्हणून.”

टेबल खदखदून हसलं. बटाट्याच्या पोळीला लोणी लावता लावता व्हर्ना म्हणाली, “तुझी बडबड थांबावी म्हणून वाजवते रे. पण तू कसला थांबतोस!”

“दारू वाढव गं बाई. थोडी जास्त पडली तर काय बिघडतं?”

“मनगट तुझं आहे का?”

“म्हणूनच म्हणतो, ते रिव्हॉल्व्हर मला देऊन टाक. ही बघ मनगटं!”

“बघितली. चमच्यापेक्षा जड काही उचललेलं दिसत नाही.”

पुन्हा हशा झाला. व्हर्ना मात्र या वेळी हसली नाही. गेल्या शरदात काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. एक मादी हरीण अगदी समोर, आडवं उभं होतं. तिने रिव्हॉल्व्हर रोखलं, आणि तिच्या कानात ते ठण्ण वाजलं. ज्या गोळीने मेंढा हलत नाही, ती खाऊन हे मुकं जनावर रक्त सांडत रानभर पळेल आणि तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी घळीत मरेल. तिने चाप ओढला नाही. घरी येऊन घोडीचं खोगीर काढताना तिला रडू फुटलं होतं. तो हिवाळा तिने दुकानच्या मांसावर काढला, आणि तिच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की नव्हती.

तिने पोळी खाली ठेवली. “ऑर्व्हल, ऐक. ऑगस्टच्या सामन्यात माझा एकही मेंढा पडला नाही, तर घेऊन जा रिव्हॉल्व्हर. ज्याने मेंढा पडत नाही ते हरणावर रोखायचा मला हक्क नाही.”

आता हसायला कुणी धजेना. ऑर्व्हलही वरमला, पण चार लोकांत मागे कसा हटणार! “ठरलं,” तो म्हणाला. शब्द गेला तो गेला. तिथली माणसं शब्दाला फार जपतात, विशेषतः जेवणाच्या टेबलावर दिलेल्या.

जून गेला आणि मेंढे उभेच राहिले. दारू वाढवायची सोय नव्हती. कमी करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. व्हर्ना चिडचिडी झाली, शाळेतल्या कढईवर राग काढू लागली.

एका सकाळी ती गोठ्याजवळ उभी होती. एक गोऱ्हा उधळत आला आणि फाटकावर धडकला. फाटक खणखणलं, गोऱ्हा डोकं झटकत परत फिरला. थोड्या वेळाने म्हातारी लठ्ठ गाय आली. तिला काही घाई नव्हती. ढुंगण खाजवायला ती फाटकाला सावकाश टेकली, आणि फाटक बिजागरीसकट आडवं झालं.

“अगं भवाने, तुझ्या...” व्हर्नाने शिवी सुरू केली आणि अर्ध्यातच थांबली. ती पडलेल्या फाटकाकडे बघत राहिली. मग तिने गाईच्या नाकाचा मुकाच घेतला.

आजवर तिची गोळी गोऱ्ह्यासारखी होती. आता तिने गाय ओतायची ठरवली. टपालाने जड गोळीचा साचा मागवला. टायरवाल्याकडून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं आणली. शिशाची वाफ घरात नको म्हणून अंगणात चूल मांडली आणि वाऱ्याकडे पाठ करून शिसं वितळवलं. सुरकुतलेली गोळी निघाली की परत भांड्यात. भरायला बसली की फोन काढून ठेवायची, कारण मागे एकदा बोलण्याच्या नादात एका पुंगळीत दारू दोनदा पडली होती. वेळेवर दिसली म्हणून बरं, नाहीतर रिव्हॉल्व्हरच्या चिंधड्या आणि बोटांचा हिशोब! तेव्हापासून ती प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायची. व्हर्नाचा फोन लागत नाही म्हणजे ती दारू तोलतेय, हे गावाला पाठ झालं होतं.

पहिल्या गोळ्या म्हणजे नुसता विचका. मातीच्या दरडीपुढे जुनी चादर ताणून तिने नेम धरला, तर गोळ्या सड्यासारख्या पसरल्या. नळीत डोकावली तर आत शिशाचा लेप. तो खरवडता खरवडता तिने गोळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग मधमाश्यांचं मेण आणि चरबी एकत्र कढवून गोळीच्या खाचांत भरलं. घरभर मेणबत्तीच्या कारखान्यासारखा वास सुटला, पण नळी स्वच्छ राहिली आणि गोळ्या एका ताटलीत मावतील एवढ्या जवळजवळ पडू लागल्या. आणि मनगट? झटका होताच, नव्हता असं नाही. पण तो आता चावत नव्हता, ढकलत होता. ढकलणं तिला सोसत होतं.

एकच घोळ उरला. गाय ती गाय! गोळी हळू जायची म्हणून वाटेतच खाली यायची. नळीच्या मागची नेमाची खाच वर चढवून चढवून संपली, तरी गोळी मेंढ्याच्या पायाखालीच. आता नळीच्या पुढच्या टोकावरचा खुंट घासून बुटका करायचा, म्हणजे नळी वर उचलली जाईल. पण घासलेलं लोखंड परत उगवत नाही. व्हर्नाने रिव्हॉल्व्हर शिकंज्यात धरलं, कानस उचलली, ठेवली, कॉफी प्यायली, परत उचलली आणि घासायला लागली.

नेमका तेव्हाच ऑर्व्हल दारात.

“अगं ए! काय करतेस? माझ्या रिव्हॉल्व्हरला कानस लावतेस?”

“तुझ्या?” व्हर्नाने मान वरही केली नाही. “बाजारात तुरी, आणि हा निघाला वरण घाटायला!”

“चांगल्या वस्तूचं वाटोळं केलंस!”

“ऑर्व्हल, दाराबाहेर जा. लोखंडाचा कीस तुझ्या डोळ्यात जाईल, आणि सामन्याला दुर्बीण तुलाच धरायचीय.”

ते खरंच होतं. त्या सामन्यात नेमबाजाशेजारी एक जण दुर्बीण घेऊन बसतो आणि गोळी कुठे लागली ते सांगतो. हाल्व्हर गेल्यापासून व्हर्नाची दुर्बीण ऑर्व्हलच धरायचा. कितीही चेष्टा करो, त्याने कधी खोटं सांगितलं नव्हतं. तो पुटपुटत निघून गेला.

ऑगस्टच्या सामन्याला वारा बरा होता. कोंबड्या, डुकरं, टर्की यांचं काय झालं ते सांगत बसत नाही. काही पडली, काही हसली. शेवटी मेंढ्यांची पाळी आली. पाच मेंढे, पाच गोळ्या, एकेकाला एक. व्हर्ना उताणी पडली, गुडघे उभे केले, पोटरीवर चामड्याचा तुकडा बांधला, कारण रिव्हॉल्व्हरच्या फटीतून निघणारी आग पँट जाळते, आणि हात पायाला टेकवून नेम धरला.

पहिली गोळी सुटली. “खाली,” ऑर्व्हल म्हणाला. “माती उडाली.”

दुसरी सुटली. ठण्ण! “पायाला लागली,” ऑर्व्हल म्हणाला आणि घसा खाकरला. “उभा आहे.”

मागे कुणीतरी “घंटा!” म्हणालं. ऑर्व्हल गर्रकन वळला आणि ओरडला, “तोंड बंद ठेव रे गाढवा! बाई नेम धरतेय!” आता बोला! वर्षभर ती घंटा यानेच वाजवली होती.

व्हर्नाने हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. हरले तर हे आज संध्याकाळी ओढ्यापलीकडे जाणार, आणि त्याच्याबरोबर रान, घोडीवरची ती थंड सकाळ, आपल्या हाताने आणलेलं मांस, सगळंच जाणार. तिने श्वास सोडला. नेम मेंढ्याच्या पोटावर नाही, थेट पाठीच्या कडेवर धरला. आणि चाप ओढला.

धाड! मग काहीच नाही. जड गोळीला पोचायला वेळ लागतो. मग लांबून आवाज आला, पण ठण्ण नाही. ठप्प! दारावर खांदा मारल्यासारखा.

ऑर्व्हलने दुर्बीण डोळ्यात खुपसली.

“ऑर्व्हल?”

तो दुर्बिणीवर आणखी वाकला.

“ऑर्व्हल, मेलास की काय?”

“कलतोय,” तो कुजबुजला. “थांब... कलतोय... अगं... गेला! गेला! पडला गं बाई! पालथा पडला!” त्याने टोपी जमिनीवर आपटली, दुर्बीण लवंडली, आणि तो साठीचा माणूस धुळीत थयथया नाचायला लागला. आपण काय हरलो हे त्याच्या गावीही नव्हतं. मागचे सगळे लोक ओरडत होते, टाळ्या पिटत होते, घंटा म्हणणाराही.

व्हर्ना उताणीच पडून होती. डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत जात होतं आणि ती मोठमोठ्याने हसत होती. “जाणार,” ती आभाळाला म्हणाली, “ऑक्टोबरात मी रानात जाणार!” मग तिने बाहीने डोळे पुसले आणि हात परत पायाला टेकवला.

“ऑर्व्हल, नाच पुरे. दुर्बीण उचल. अजून दोन मेंढे बाकी आहेत.”

ऑर्व्हलने दुर्बीण उचलली, पुसली, डोळ्याला लावली. ते दोन्ही पडले.